सेनापती रजेवर आहेत

कोरियन ऐतिहासिक मालिकेबद्दल माझं पहिलं मत कुणी विचारलं तर मी एवढंच म्हणेन की टोप्या फार आहेत. राजाला टोपी, प्रधानाला टोपी, फाटकावरच्या शिपायाला टोपी, आणि प्रत्येक टोपीचे बंद हनुवटीखाली बांधलेले. दाढ्यासुद्धा सगळ्यांच्या एकाच न्हाव्याने एकाच बैठकीत कोरल्यासारख्या. त्यात कोण कोणाचा साहेब हे पहिल्या भागात ओळखून दाखवणाऱ्याचा जाहीर सत्कार करायला मी तयार आहे. मला ते ओळखता आलं नाही. पण म्हणून आमच्या सोसायटीने भर सभेत माझी उलटतपासणी घ्यावी, हे काही बरोबर नव्हतं.

मुळात ही मालिका मी माझ्या हौसेने लावलेली नव्हती. ती लावली सासूबाईंसाठी. सासरे गेल्यापासून सासूबाई आपल्या घरी एकट्या राहत होत्या. डोळ्याच्या ऑपरेशनच्या निमित्ताने हिने त्यांना आमच्याकडे आणलं आणि ऑपरेशन झाल्यावर, आता इथंच राहा, म्हणून हट्ट धरला. सासूबाई हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. त्यांनी फक्त आपली बॅग बाहेरच्या खोलीत दाराजवळ, चपलांच्या स्टँडला टेकवून ठेवली होती आणि तिथून ती कुणाला हलवू देत नव्हत्या. रोज कामावरून आलो की मी त्या बॅगेला अडखळायचो. मग स्वयंपाकघराच्या दारातून ही माझ्याकडे बघायची. जिच्या आईला दोन घटका रमवणंही नवऱ्याला जमत नाही अशा बायकोचं ते बघणं असायचं.

आता रमवायचं म्हणजे काय करायचं? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंचं आणि माझं बोलणं 'चहा टाकू का' आणि 'नको, आत्ताच झाला' याच्या पुढे कधी सरकलं नव्हतं. सासऱ्यांशी माझं छान जमायचं. ते हात पाठीमागे बांधून घरभर फिरत बोलायचे, मी मान हलवायचो, आणि सासूबाई आतून ऐकायच्या. ते गेल्यावर बोलणाराच गेला आणि मान हलवणारा तेवढा उरला.

आमच्या कन्येने तोडगा काढला. नवीन कोरियन मालिका आली आहे, ऐतिहासिक आहे, कपडे बघूनच आजी खूश होईल, असं ती म्हणाली. अडचण एकच होती. माणसं कोरियनमध्ये बोलणार आणि खाली इंग्रजी ओळी येणार. सासूबाईंच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी आणि दुसऱ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्यांना माणसं दिसत, अक्षरं दिसत नसत. म्हणजे त्या ओळी वाचून आपल्या भाषेत सांगायला कुणीतरी हवं. कन्येला क्लास होता, हिला स्वयंपाक होता. मग दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

मी लगेच तयार झालो, कारण या कामाची माझ्याकडे पात्रता होती. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागात बसतो. आमच्याकडे अर्ज पूर्ण वाचायची पद्धत नाही. तेवढा वेळ कुणाला आहे? अर्जाचे पहिले तीन-चार शब्द वाचले की बाकीचा अर्ज अनुभवाने डोळ्यांसमोर उभा राहतो आणि उत्तर तयार होतं. ही विद्या यायला वर्षं जातात. एकदा चुकून तक्रारींच्या गठ्ठ्यात कुणाची तरी लग्नपत्रिका आली होती. तिलाही मी 'आपल्या पत्राची नोंद घेतली असून पाहणी करून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असं उत्तर पाठवलं. वरच्या साहेबांनी त्यावर सही केली आणि पुढे मुलीकडचे पेढे घेऊन ऑफिसात आले. तेव्हा टीव्हीच्या पडद्यावर पळणाऱ्या चार ओळींना मी घाबरावं असं काही नव्हतं.

पण त्या ओळी फार पळत होत्या. 'महाराज, आपल्या पायाशी' एवढं वाचून होईपर्यंत पुढची ओळ हजर. मग मी कार्यालयीन पद्धत सुरू केली. सुरुवातीचे शब्द वाचायचे, उरलेलं आपल्या मनाने पुरं करायचं. नवल म्हणजे सगळं बरोबर जुळत गेलं. राजदरबार आणि आमचं ऑफिस यात मला तरी फरक दिसेना. दोन बाजूंना रांगा करून बसलेली माणसं, सगळ्यांच्या माना खाली, कुणी काही काम करत नाही आणि मधूनच एकजण उठून दुसऱ्याची चहाडी करतो. हिरव्या झग्यातला लांब दाढीवाला मी हेडक्लार्क ठरवला. लाल झग्यातला राजा दिसताच म्हणालो की हे मोठे साहेब, यांच्यापर्यंत फाइल जातच नाही. सासूबाई तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. हसत होत्या की नव्हत्या, काही कळत नव्हतं.

इतक्यात सेनापती आले. दणकट, पांढरट मिशांचे, दोन्ही हात पाठीमागे बांधून शांतपणे चालणारे. सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. म्हणाल्या, "अगंबाई, हा बघ, चालतो अगदी ह्यांच्यासारखा." आणि त्या चक्क हसल्या. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. ही हातात झारा घेऊन बाहेर आली आणि आईकडे बघत उभीच राहिली.

मला स्फुरण चढलं. सेनापतींना मी बोलण्याची अशी काही ढब दिली की खुद्द त्यांनाही हेवा वाटला असता. सासऱ्यांची वाक्यंच मी त्यांच्या तोंडी घातली. 'एकदा ठरलं म्हणजे ठरलं.' 'चहा गरम असेल तरच आणा.' सासूबाई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. असं सगळं सुखाने चाललेलं असताना सेनापती घोड्यावर बसले, दरीतून निघाले, आणि कुठूनसा एक बाण येऊन त्यांच्या छातीत रुतला. सेनापती घोड्यावरून पडले. एका सैनिकाने त्यांचे डोळे मिटले. खाली ओळ आली, ती मात्र मी पूर्ण वाचली. तीन शब्दांचीच होती.

"काय झालं हो?" सासूबाईंनी विचारलं. "मला नीट दिसलं नाही. पडले का ते?"

हिने माझ्याकडे पाहिलं. सासरे जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. दाराजवळची बॅग मला बसल्या जागेवरून दिसत होती. माझ्या तोंडून शब्द कसे निघाले ते मला सांगता येणार नाही, पण ते निघाले, आणि सवयीप्रमाणे सरकारी निघाले.

"बाण लागलाय," मी म्हणालो. "सेनापती वैद्यकीय रजेवर गेले."

सासूबाई म्हणाल्या, लागलंय म्हटल्यावर रजा घ्यायलाच हवी.

एकदा सेनापतींना रजेवर पाठवल्यावर उरलेला भाग मला घाम फोडत गेला. पुढच्याच दृश्यात सगळं गाव पांढरे कपडे घालून निघालं होतं. तो उन्हाळ्याचा गणवेश. मधोमध एक मोठी सजवलेली पालखी आणि मागे माणसांची रांग. निरोप समारंभ. सेनापतींची बायको जमिनीवर हात आपटून रडत होती. बिनपगारी रजा मंजूर झाली होती, दुसरं काय. मुलाने तलवार उपसून शपथ घेतली, म्हणजे वडिलांचा पगार मिळेपर्यंत मी ऑफिसच्या दारातून हलणार नाही असं त्याचं म्हणणं होतं. हे सगळं एवढ्या ओघात झालं की भाग संपला तेव्हा सासूबाई खुर्चीत मागे टेकून हेडक्लार्कला शिव्या देत होत्या. त्या रात्री त्या दोनदा भात मागून जेवल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर काही प्रश्न नव्हता. पण वरच्या मजल्यावरच्या हेडमिस्ट्रेसबाई वाडगा परत करायला म्हणून आल्या होत्या आणि दारात उभ्या राहून त्यांनी शेवट ऐकला होता. निवृत्त झाल्या तरी त्यांचा दरारा अजून कामावर आहे. सुरुवातीपासून ऐकल्याशिवाय त्यांना काही समजणार नाही, तेव्हा उद्या पुन्हा लावा, असा त्यांनी हुकूम दिला. पुढचा भाग पंधरा दिवसांनी शुक्रवारी येणार होता, त्यामुळे पहिलाच भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा लागला. हेडमिस्ट्रेसबाई आपल्याबरोबर आणखी चार-पाच जणींना घेऊन आल्या.

खोटं बोलणं सोपं असतं, तेच खोटं दुसऱ्या दिवशी त्याच क्रमाने बोलणं कठीण. आदल्या दिवशी राजा कुणाला म्हटलं होतं तेच मला आठवेना, कारण लाल झगे दोन निघाले. हेडमिस्ट्रेसबाईंनी लगेच बोट वर केलं. काल तुमच्या सासूबाईंनी मला सांगितलं त्यात हा राजाचा भाऊ होता, आज राजा कसा? मी सांगितलं की राजे दौऱ्यावर आहेत, हे प्रभारी राजे. बाईंनी मान्य केलं. त्यांच्या शाळेत त्या स्वतः बरीच वर्षं प्रभारी होत्या आणि ते दुःख अजून ताजं होतं. तिथून पुढे त्या प्रभारी राजाच्या बाजूने इतक्या बोलल्या की मला मध्ये तोंड घालायला जागा मिळेना.

मग जो तो सल्ले द्यायला लागला. समोरचे विमावाले म्हणाले, उभं राहून बोला, आवाज पोटातून येतो. त्यांच्या बायकोचं म्हणणं, बसून बोला, उभे राहिलात की राजा झाकला जातो. कुणी मिठाच्या गुळण्या सुचवल्या, कुणी ज्येष्ठमध आणून दिलं. दोन दिवसांत आमच्या दारात एवढ्या चपला झाल्या की सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात अडखळले. पडले नाहीत, पण त्यांच्या प्रतिष्ठेला खरचटलं. जिना हा सामाईक जागेत मोडतो, असं त्यांनी मला तिथेच उभं राहून ऐकवलं. कार्यक्रम करायचा तर रीतसर हॉलमध्ये करा आणि रीतसर अर्ज द्या.

मी तक्रार विभागातला माणूस. अर्ज घेणं माझ्या हाडीमासी खिळलेलं आहे, देणं नाही. तरी दिला. तो परत आला, कारण कारणाच्या रकान्यात मी 'मालिका' लिहिलं होतं आणि हॉल फक्त सभासदांच्या समारंभासाठी किंवा सभेसाठी मिळतो. समारंभ म्हटला तर भाडं आणि जेवणाची भांडी मोजून घ्या, सभा म्हटली तर फुकट. म्हणून सेक्रेटरींनी स्वतःच मार्ग काढला. रविवारी सकाळी विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यात आली. विषयपत्रिकेवर पहिला विषय 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' आणि दुसरा 'सेनापतींच्या रजेबाबत विचारविनिमय करणे'. फलकावर ते छापील अक्षरांत लागलेलं मी चक्क पूर्ण वाचलं. माझ्या घरातली एक थाप आता सोसायटीच्या दप्तरात चालली होती.

रविवारी हॉल खच्चून भरला. तरी सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली, कारण आलेल्यांत सभासद कमी आणि सभासदांच्या आया, सुना, मावश्याच जास्त. नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच जागी तीच सभा पुन्हा भरते, तेव्हा गणसंख्या लागत नाही. म्हणून सगळे होते तिथेच अर्धा तास बसून राहिले. सासूबाईंना पुढच्या रांगेत हात असलेली खुर्ची दिली होती. त्यांनी चांगली साडी नेसली होती आणि आजूबाजूच्या बायकांना, सेनापती कसे चालतात, ते बसल्या बसल्या सांगत होत्या. मला टेबल, माइक आणि झाकण ठेवलेला पाण्याचा पेला मिळाला होता. खरं सांगतो, मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

सेक्रेटरींनी रिमोट हातात घेतला आणि माझ्याकडे बघून प्रेमाने हसले. तुमच्या घशाला किती ताण, म्हणाले. काल दुपारी मी खटपट करून बघितली, यात आपल्या भाषेतला आवाज लावायची सोय आहे. तुम्ही नुसते बसा आणि मजा बघा.

त्या माणसाने आयुष्यात माझं एकच भलं केलं आणि ते त्याच दिवशी करायचं ठरवलं.

पडद्यावरचे लोक चक्क आपल्या भाषेत बोलायला लागले. हेडक्लार्क पहिल्याच मिनिटाला राजाचा मामा निघाला. प्रभारी राजा हा प्रभारी नव्हताच, तो खराच राजा होता. हॉलमध्ये कुजबुज वाढत गेली. पण मला त्याचं काही नव्हतं. मला बाण दिसत होता. दरी जवळ येत चालली होती आणि सासूबाई पुढे सरकून सेनापतींकडे बघत होत्या. मी खोकलो. हरकतीचा मुद्दा उपस्थित करतो म्हणालो. हेडमिस्ट्रेसबाईंनी न वळता मला खाली बसवलं. मी टेबलाखाली वायर शोधू लागलो आणि हाताला आली ती माइकची. बाण सुटला. सेनापती पडले. आणि तो सैनिक, ज्याला मी तीन दिवस 'साहेब, अर्ज मी नेऊन देतो' असं म्हणायला लावलं होतं, तो हॉलभर घुमेल अशा आवाजात ओरडला की सेनापती गेले.

सेक्रेटरींनी गडबडून चित्र थांबवलं. मग हेडमिस्ट्रेसबाई उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे वळल्या. सेनापती गेले असतील तर रजेचं काय, असं त्यांनी विचारलं. पालखी कसली होती? ती बाई पगारासाठी रडत होती की नवऱ्यासाठी? मागून विमावाले म्हणाले की यांनी आम्हाला फसवलं. सेक्रेटरी म्हणाले की फलकावर लागलेला विषयच खोटा ठरला तर सभा वैध राहते का ते बघावं लागेल. मी काही ऐकत नव्हतो. मी फक्त पुढच्या रांगेतल्या खुर्चीकडे बघत होतो. ही आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. दाराजवळची ती बॅग माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

सासूबाईंनी आधी पदर सारखा केला.

"सेक्रेटरीसाहेब," त्या म्हणाल्या, "तो आवाज बंद करा आणि चित्र पुढे जाऊ द्या. त्या पेटीला आमची माणसं काय माहीत?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही सांगा. बाण लागला. मग?"

मी तोंडात ज्येष्ठमध टाकलं. त्याचा काही उपयोग नव्हता. मी पेल्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं आणि माइक हातात घेतला.

"मग काय," मी म्हणालो, "सेनापतींनी झोपल्या झोपल्या रजेचा अर्ज दिला."

मी असा कधी बोललो नव्हतो आणि पुन्हा बोलेन असं वाटत नाही. निरोप समारंभात मी भाषणं घातली. पालखी उचलणाऱ्यांना जादा कामाचा भत्ता दिला. हेडक्लार्क आता सगळ्यांना राजाचा मामा म्हणून ठाऊक होता, तर मी मामालाच वशिल्याने हेडक्लार्क केला, आणि त्यावर मागच्या रांगेतूनही हशा आला. सेनापतींची बायको रडायला लागली तेव्हा मात्र हशा थांबला. खरं काय ते आता प्रत्येकाला माहीत होतं. शेवटी हेडमिस्ट्रेसबाईंनीच बोट वर केलं. रजा बिनपगारी नको, म्हणाल्या, भरपगारी असावी, असा मी ठराव मांडते. विमावाल्यांनी अनुमोदन दिलं. ठराव एकमताने मंजूर झाला आणि सेक्रेटरींनी तो इतिवृत्तात घेतला. कुणाला शंका असेल तर त्याने आमच्या सोसायटीचं दप्तर उघडून बघावं.

दुपारी जेवणं झाल्यावर ही आवराआवरीला लागली. सासूबाई बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. मी सवयीने विचारलं, चहा टाकू का? टाका, म्हणाल्या. मी उठलो, तर म्हणाल्या, बसा जरा.

मी बसलो. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "एवढे दिसत नाहीत का मला डोळे मिटलेले? पण ह्यांच्या वेळी जो तो येऊन मला तेच तेच सांगत होता. गेले, सुटले, त्रास नाही झाला. रजेवर आहेत असं कुणी म्हणालं नाही. बरं वाटलं मला ते ऐकून."

मी मान हलवली. ते मला येतं.

"ती बॅग तेवढी माळ्यावर टाका," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज अडखळता."

मी बॅग उचलली आणि जवळजवळ मागे पडलो, कारण ती भरलेली समजून मी जोर लावला होता आणि ती पार रिकामी होती. आतून हिच्या हसण्याचा आवाज आला. साड्या केव्हाच हिच्या कपाटात गेल्या होत्या. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. मी स्टूल आणलं, वर चढलो आणि जुन्या पंख्याच्या मागे बॅग सारली.

"शुक्रवारी दुसरा भाग आहे," मी वरूनच म्हणालो. "सेनापतींना हजर करून घेऊ का?"

सासूबाईंनी खालून स्टूल धरलं.

"नको," त्या म्हणाल्या. "घाई नाही म्हणावं. इथं माझं बरं चाललंय."